राऊशच्या शेतातली तीस पावलं

ओपल राऊशच्या शेतात भोपळ्यांकडे वळणाऱ्या फाटकाशी प्लायवुडचा एक फळा ठोकलेला आहे. त्यावर पाच नियम आहेत. ते ओपलच्या नवऱ्याने रंगवले होते. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण ओपल दर सप्टेंबरला तीच अक्षरं काळ्या रंगाने पुन्हा गिरवते. एक शब्दही इकडचा तिकडे करत नाही.

पेंढ्याच्या गठ्ठ्यापासून फक्कीच्या रेघेपर्यंत तीस पावलं. तेवढ्यात उचलून न्याल तितके भोपळे तुमचे, किंमत एकच. माणशी एकच पाळी. भोपळे खाली ठेवले की पाळी संपली. रचून द्यायला एक माणूस चालेल, पण पहिलं पाऊल पडल्यावर दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. जमिनीला टेकलेला भोपळा मोजायचा नाही. देठ तुटलेला भोपळा मोजायचा नाही.

शेवटच्या नियमाबद्दल कुणी वाद घालत नाही. भोपळा कोरून दिवा केला की देठाला धरूनच झाकण उचलावं लागतं. देठ गेलेल्या भोपळ्याला या भागात टकल्या म्हणतात आणि तो गायींपुढे टाकतात.

होल्टकॅम्प कुटुंब इथे एकोणीस वर्षं येतंय, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, चर्च आटोपून. या पाच नियमांना त्यांनी स्वतःचा सहावा नियम जोडला आहे. घरातला जो कुणी सगळ्यांत जास्त भोपळे रेघेपार नेईल, त्याने त्या वर्षीचं नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण कुणाच्या घरी व्हायचं ते ठरवायचं. हा नियम आई लोरेटाने केला. तिचा मुलगा क्ले आणि मुलगी मार्सी एका वर्षी याच मुद्द्यावरून भर चर्चच्या आवारात भांडले होते. तेव्हा तिने दोघांना राऊशच्या शेतात आणून सोडलं आणि म्हणाली, "आता उचला."

गेली अकरा वर्षं क्लेची बायको रोंडा जिंकत होती. रोंडा शाळेत असताना गोळाफेक करायची. जेवण अकरा वर्षं रोंडाच्याच घरी झालं, चांगलं झालं, आणि त्यात तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. अपवाद एकच. गेल्या वर्षी मार्सीचा घटस्फोट चालू होता आणि ती एकटीच आली होती. मोठ्या टेबलाभोवती जोड्या बसल्या. मार्सीला मुलांच्या टेबलावर जागा मिळाली, सात वर्षांच्या जुळ्यांच्या मधे. निघताना रोंडाने तिच्या हातात उरलेल्या टर्कीचं ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेलं पुडकं ठेवलं आणि खांद्यावर थोपटलं.

मार्सी चव्वेचाळीस वर्षांची आहे. गावातल्या शाळेचं स्वयंपाकघर तीच चालवते. जानेवारीपासून ती केशकर्तनालयाच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. दहा महिन्यांत तिच्याकडे घरचं कुणी आलेलं नव्हतं. सगळे तिलाच बोलवायचे. आज सकाळी चर्चच्या पायऱ्या उतरताना तिने आईला सांगून टाकलं होतं, "यंदा माझ्याकडे."

"चौदा माणसं?" लोरेटाने विचारलं.

"रोज तीनशे चाळीस पोरांना जेवू घालते मी. त्यातली निम्मी नाकं मुरडतात. चौदा माणसांचं काय घेऊन बसलीस?"

"ते मला नको सांगूस," लोरेटा म्हणाली. "भोपळ्यांना सांग."

शेतावर पोचायला दीड वाजला. रात्री पहिली कडाक्याची थंडी पडून वेलांवरचं दव गोठलं होतं. उन्हं वर आल्यावर ते वितळलं आणि पानं काळी पडून लोंबू लागली होती. त्यामुळे भोपळे उघडे पडले होते, पाच एकरांत जिथे पाहावं तिथे नारिंगी. शेडमध्ये सफरचंदाचा गरम रस आणि डोनट मिळत होते. मार्सी दोन डोनट घेऊन बापाशेजारी बाकावर जाऊन बसली.

वेंडेल होल्टकॅम्प शहात्तर वर्षांचा. आयुष्यभर त्याने दगडी बांधकाम केलं, बहुतेक सिमेंटशिवायचं, दगडावर नुसता दगड बसवून. बोलतो कमी. एकोणीस वर्षं तो घरच्यांच्या वतीने रेघेवर उभा राहून मोजणी करत आला होता. कुणाची बाजू घ्यायची नाही, एवढंच काम त्याने मागून घेतलं होतं.

"बाबा, यंदा माझे भोपळे तुम्ही रचा."

वेंडेलने डोनट संपवला. बोटांवरची साखर झटकली. "मोजणार कोण?"

"ओपल मोजेल."

"हा रचणार?" मागून लोरेटा म्हणाली. "मग मुक्कामालाच राहा इथे. आपल्या धुराड्याला या माणसाने दोन उन्हाळे घेतले."

"उभं आहे ना अजून?" वेंडेल म्हणाला आणि उठला.

आतापर्यंत मार्सीचे भोपळे तिचा नवरा रचायचा, आणि वाईट रचायचा. सहाच्या पुढे ती कधी गेली नव्हती.

पहिली पाळी क्लेची. क्ले विमा कंपनीत आहे आणि कुठलीच गोष्ट गंभीरपणे घेत नाही. त्याने आठ उचलले, अर्ध्या वाटेवर स्वतःच्याच विनोदावर हसला आणि दोन खाली पडले. सहा. मग त्याची मुलगी टेस. ती अकरा वर्षांची आहे. तिने दोन्ही हातांत मिळून तीन घेतले आणि चौथा लहानसा भोपळा देठाला दातांत धरून नेला. ओपलने वाकून तिच्या तोंडातला देठ तपासला, ओढून पाहिला आणि मोजला. चार.

मग रोंडाने बाह्या वर सरकवल्या. तिला टेस रचून देते, आणि मायलेकींचा हात इतका बसलाय की दोघी बोलतसुद्धा नाहीत. पाच भोपळे कोपरांच्या खोबणीत, तीन त्यांच्यावर, एक हनुवटीखाली. नऊ. एका मिनिटाच्या आत रोंडा रेघेपलीकडे होती. भोपळे उतरवून तिने हात झटकले आणि गरम रसाचा पेला मागितला.

"नऊ," ओपल म्हणाली. "देठ सगळे ठीक."

"गेल्या वर्षी आठ होते," रोंडा मार्सीला म्हणाली. "वय वाढतंय म्हणतात ना, ते हे."

"नऊ म्हणजे काही फार नाही," मार्सी म्हणाली. तिचा आवाज तिलाच पटला नाही.

वेंडेलने रचायला सुरुवात केली नाही. तो हातगाडी घेऊन शेतात शिरला. एकेक भोपळा उचलायचा, उलटा करून बूड पाहायचं, बोटाच्या पेराने टकटक करायची, परत ठेवायचा. बारा मिनिटं झाली. क्लेने गठ्ठ्यावर अंग टाकलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"बाबा, आम्ही भोपळे न्यायला आलोय," तो टोपीखालून ओरडला. "किल्ला नाही बांधायचा."

वेंडेल परत आला तेव्हा गाडीत तेरा भोपळे होते. इतर लोक गोल गरगरीत निवडतात. त्याचे सगळे चपटे, बसके, एखाद्या बाजूने दबलेले. त्याने ते गठ्ठ्यावर ओळीने मांडले आणि मार्सीला म्हणाला, "हात पुढे कर. कोपर पोटाला लाव. हलू नकोस."

तीन चपट्या भोपळ्यांचा पाया झाला. त्यांच्यावर दोन, दोन्ही सांध्यांवर बरोबर बसणारे. मग आणखी दोन, मार्सीच्या छातीला टेकून. प्रत्येक भोपळा ठेवला की वेंडेल तळव्याने हलकेच दाबून पाहायचा. डुगडुगला तर काढायचा, फिरवायचा, पुन्हा ठेवायचा. सात झाले. एकही हलत नव्हता. मार्सीचे दंड मात्र हलायला लागले होते.

"बाबा, लवकर."

वेंडेल थोडा मागे सरला, मान तिरकी करून पाहिलं आणि वळून शेताकडे चालू लागला.

"कुठे निघालात?"

"डावीकडे खाच राहिलीय. तिथे बसेल असा एक आणतो."

"बाबा! माझे हात दगडाचे नाहीत!"

लोरेटा एवढी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. रोंडाही हसली. वेंडेलला खाचेत बसणारा भोपळा मिळाला, त्याला दोन मिनिटं लागली. तो आठवा. नववा वर बसला, आणि त्याच्यावर दहावा, रचनेच्या अगदी टोकाला, कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा. वेंडेल मागे झाला. त्याच्या चेहऱ्यावर, काम मनासारखं झालं की येतं ते समाधान आलं.

"दहा," तो म्हणाला. "आता हे पडायचं नाही."

"बाबा, मला समोरचं दिसत नाहीये."

"भिंतीला दिसावं लागत नाही."

"भिंत चालत नाही, बाबा!"

वेंडेलच्या पन्नास वर्षांच्या कामात हा मुद्दा कधी आला नव्हता. त्याने दहावा काढायला हात पुढे केला, पण मार्सीचा तोल गेल्यामुळे तिचं एक पाऊल पुढे पडलं होतं.

"पाऊल पडलं," ओपल म्हणाली. "हात मागे घे, वेंडेल."

मार्सीला दिसत होता फक्त एक नारिंगी भोपळा, नाकापासून चार बोटांवर. बाकी सगळं आवाजावर होतं, आणि आवाजांची कमी नव्हती.

"सरळ ये, सरळ!"

"डावीकडे, मार्सी आत्या, डावीकडे!"

"उजवीकडे," क्ले म्हणाला. "तुझ्या नाही, माझ्या."

"क्ले, तोंड बंद कर," लोरेटा म्हणाली. "मार्सी, आईचं ऐक. नाकासमोर चल."

"नाकासमोर भोपळा आहे!"

वेंडेल तिच्या बाजूने चालत होता, हात पाठीमागे बांधून. पावलं तो मोजत होता, ओठांतल्या ओठांत. अठरा. एकोणीस. पंचविसावं पाऊल पडलं आणि सव्विसाव्याला मार्सीचा बूट वाळक्या वेलात अडकला. ती पडली नाही. खालच्या आठांपैकी एकही हलला नाही, नववाही नाही. दहावा मात्र सावकाश पुढे कलला, तिच्या नाकासमोरून गेला आणि जमिनीवर आपटून रेघेपर्यंत घरंगळला.

बाकीची चार पावलं तिने नऊ भोपळ्यांसह पार केली.

"नऊ," ओपल म्हणाली. "पडलेला धरत नाही."

एकोणीस वर्षांत बरोबरी कधी झाली नव्हती.

"बरोबरी झाली की गेल्या वर्षीचंच चालू," क्ले म्हणाला. "फुटबॉलमध्ये तसंच असतं."

"फुटबॉलमध्ये असं काहीही नसतं," लोरेटा म्हणाली.

"मग नाणं उडवू."

"नियम माझा आहे. नाणंबिणं काही नाही. बरोबरी म्हणजे…" लोरेटा थांबली. पुढे काय ते तिलाही ठाऊक नव्हतं.

रोंडा म्हणाली, "मार्सी, ठेव गं खाली. हात तुटतील. आपण शांतपणे बोलू ना, घरी बसून."

शांतपणे बोलायचं झालं तर काय होईल, हे मार्सीला माहीत होतं. सगळे गोड बोलतील. तुला उगाच त्रास कशाला, म्हणतील. तिला टेबलावर चांगली जागा देऊ, म्हणतील. आणि जेवण रोंडाकडे होईल. ती भोपळे ठेवायला वाकली.

"खाली ठेवू नकोस," वेंडेल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"ओपल, पाळी कधी संपते?"

"भोपळे खाली ठेवले की. फळ्यावर लिहिलंय."

"तिने ठेवलेत?"

ओपलने चष्मा चढवला, फाटकापर्यंत चालत गेली, फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि तितक्याच संथपणे परत आली. "नाही ठेवलेत," ती म्हणाली. "पण नुसती उभी राहून करणार काय? भोपळे तिकडे गठ्ठ्यावर आहेत. आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"दुसऱ्याने नाही. तिने स्वतः घेतला तर?"

"कशाने घेणार? हात मोकळे आहेत का तिचे?"

"तोंड आहे ना," लोरेटा म्हणाली.

"तोंड तर आहेच," क्ले म्हणाला.

"हे चालणार नाही," रोंडा म्हणाली. "तोंडाने कुठे…" ती वाक्याच्या मध्यावर थांबली, कारण टेस तिच्याकडेच बघत होती.

"माझा चौथा मोजला होता," टेस म्हणाली. "तोंडातलाच होता."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"ओपल आजींनी मोजला होता, एवढंच म्हणतेय मी."

"मोजला होता," ओपल म्हणाली. "म्हणजे चालतं. जायचं तर जा, मार्सी. गठ्ठ्यापर्यंत तीस, परत तीस. मधे काही पडलं तर ते गेलं."

मार्सी वळली. टोकावरचा भोपळा गेल्यामुळे आता तिला समोरचं दिसत होतं. तो काळ्या वेलांचा पट्टा, पलीकडे गठ्ठा, गठ्ठ्यावर बापाने आणलेल्यांपैकी उरलेले चार भोपळे. शाळेत ती दहा किलोची पातेली ओव्हनमधून काढते, पण ती काढली की ठेवता येतात. तिने हात पोटाशी आणखी आवळले आणि चालायला लागली. कुणी ओरडलं नाही. वेंडेल पुन्हा तिच्या बाजूने निघाला.

"रचना ढासळणार नाही," तो म्हणाला. "रचनेची काळजी करू नकोस. तू फक्त हात धर."

"हातांचंच तर सांगतेय मघापासून."

"दगडावर काम करताना आम्ही गाणं म्हणायचो."

"तुम्ही? गाणं?"

"मी नाही. बाकीचे."

गठ्ठा तिच्या कमरेच्या वर येत होता, ते एक बरं होतं. चार भोपळ्यांपैकी सर्वांत लहान कडेला होता. मार्सी त्याच्यावर वाकली.

"तो नको," वेंडेल म्हणाला. "थंडीने देठ मऊ पडलाय त्याचा. हिरवा दिसतो बघ, पाणी सुटल्यासारखा. मधला घे. देठ वाळलेला आहे, वाकडा आहे, दातांत बसेल." आणि भोपळा जरा तिच्याकडे फिरवावा म्हणून त्याने बोट पुढे केलं.

"वेंडेल!" तीस पावलांवरून ओपलचा आवाज आला. "हात मागे!"

त्याने हात पुन्हा पाठीशी बांधले. मार्सीने मान तिरकी करून वाकडा देठ दाढांत धरला. तो खरखरीत होता, मातीची आणि कच्च्या काकडीची चव त्याला होती, आणि भोपळा दिसत होता त्याहून जड निघाला. ती सरळ झाली. मानेच्या शिरा ताणल्या. लाळ हनुवटीवर उतरली आणि पुसायला हात नव्हता.

"चव्वेचाळीस वर्षांत," क्ले म्हणाला, "मी बोलतोय आणि ही उलट बोलत नाहीये, असं पहिल्यांदाच होतंय. कुणीतरी फोटो काढा."

मार्सीने नाकातून आवाज काढला. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

रोंडा रेघेवरून पुढे आली आणि तिच्या बरोबरीने उलटी चालू लागली. हात लावायचा नाही एवढाच नियम होता. बोलायला बंदी नव्हती.

"तुझा ओव्हन केवढा आहे, मार्सी?"

मार्सी चालत राहिली.

"वीस पौंडांची टर्की मावेल?"

"हं."

"आणि चौदा माणसं बसणार कुठे? तुझ्याकडे खुर्च्या किती? चार?"

"हं."

"हो म्हण नुसतं. एका अक्षराचा शब्द आहे."

टेस ओरडली, "आई, हे चीटिंग आहे!"

"चीटिंग नाही, गप्पा आहेत," रोंडा म्हणाली. ती आणखी चारेक पावलं उलटी चालली. मार्सीचे दंड आता उघड थरथरत होते, तिचे डोळे रेघेवर होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. भोपळ्यासाठी कुणी इतकं करत नाही, हे बहुधा रोंडाला त्याच वेळी जाणवलं. तिचा आवाज उतरला.

"गेल्या वर्षी तुला मुलांच्या टेबलावर बसवलं. त्याचं लागलं का तुला?"

मार्सी थांबली. तिने मान हलवली. दातांतला भोपळाही तिच्याबरोबर हलला, वर-खाली, दोनदा.

"मला वाटलं, जोडप्यांमधे बसून तुला कसंतरी होईल," रोंडा म्हणाली. "म्हणून मी… अगं, सांगायचंस ना!"

"हं हं हं," मार्सी म्हणाली. बरंच काही म्हणाली असावी.

"बरं बरं. नंतर शिव्या दे. थांबू नकोस आता, थांबलीस की हात जातात. अकरा पावलं राहिलीत." रोंडाने मागे वळून जमीन पाहिली. "पुढे आणखी एक वेल आहे. डावा पाय उचल. उंच. हां. आता उजवा."

मार्सीने वेल ओलांडला. लोरेटा मोठ्याने मोजायला लागली, मग टेस, मग शेडमधून डोनट घेऊन बाहेर आलेली, कुणाची कुणी नसलेली माणसंसुद्धा. पाच. चार. तिसऱ्या पावलाला नववा भोपळा सरकला, आठव्याला टेकला आणि थांबला. वेंडेलने डोळे मिटून घेतले होते, ते त्याने मार्सीचा बूट फक्कीत पडल्यावर उघडले.

"कुणी हात लावायचा नाही," ओपल म्हणाली. "मी लावते."

तिने आधी मार्सीच्या तोंडाखाली ओंजळ धरली. मार्सीने जबडा उघडला. देठावर दातांचे सहा खड्डे होते, पण देठ शाबूत होता. ओपलने तो ओढून पाहिला, पिळून पाहिला, नखाने खरवडून पाहिला. मग वरून एकेक भोपळा उतरवायला लागली. तळाचे तीन उरले तेव्हा मार्सीच्या कोपरांना ते सोडवेनात. हात तसेच वाकडे राहिले होते, आणि वेंडेलने ते हळूहळू सरळ करून दिले.

"दहा," ओपल म्हणाली. "देठ सगळे ठीक. आणि हे दातांचं पुढच्या वर्षीपासून बंद. फळ्यावर सहावा नियम लिहिणार आहे मी."

एवढी वर्षं त्या फळ्याचा एक शब्द न बदललेल्या बाईने हे म्हटलं, तेव्हा लोरेटाने टाळ्या वाजवल्या.

मार्सीने बाहीने हनुवटी पुसली. "चार वाजता," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटत नव्हते. "थँक्सगिव्हिंगला. चार म्हणजे चार. आणि खुर्च्या कुणी आणायच्या नाहीत. शाळेची टेबलं आणते मी, पहिलीच्या वर्गाची. बाकं जोडलेली आहेत त्यांना."

"पहिलीची?" क्ले म्हणाला. "माझे गुडघे कानाला लागतील."

"लागू देत."

रोंडा हसायला लागली. हसता हसता तिने एक हात मार्सीच्या खांद्यावर ठेवला, मग काहीतरी आठवल्यासारखं थोपटायच्या आधीच काढून घेतला. "टर्की मी आणू?" तिने विचारलं.

"नाही."

"निदान तिच्यात भरायचं सारण?"

"नाही, रोंडा."

"बरं. मग मी काय करू?"

"भूक घेऊन ये."

एकोणतीस भोपळे पिकअपच्या मागच्या हौद्यात चढवायला अर्धा तास लागला. वेंडेलने ते रचले, त्यामुळे. सगळे चढल्यावर क्लेने इंजिन चालू केलं आणि आरशातून मागे पाहिलं.

"मार्सी, तुझं घर नेमकं कुठे आहे गं?"

लोरेटाने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"केशकर्तनालयाच्या वर," मार्सी म्हणाली. "मागून जिना आहे. का?"

"दहा भोपळे तुझे आहेत. पोचवायला नकोत? तुझ्या हातांत आज चमचासुद्धा राहणार नाही."

मागचा जिना लाकडी होता आणि अरुंद होता. त्यावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता, म्हणून ते ओळीने चढले: पुढे किल्ली घेतलेली टेस, मग बाकीचे, टेससकट प्रत्येकाकडे दोन भोपळे. मार्सीच्या हातात मात्र काही नव्हतं. वेंडेल मधेच थांबला आणि विटांच्या भिंतीवरून अंगठा फिरवू लागला, त्यामुळे त्याच्या मागचे सगळे खोळंबले.

"बाबा, चला ना!"

"सांधे वाईट आहेत. कुणीतरी घाईघाईत उरकलंय."

दार उघडलं. दोन खोल्या, एक सोफा, खिडकीत तुळशीच्या जातीचं रोप, भिंतीवर शाळेच्या मुलांनी काढलेलं सूपच्या पातेल्याचं चित्र. लोरेटाने भोपळे खाली ठेवले, काही न विचारता ओव्हन उघडला आणि आत कोपरापर्यंत हात घातला.

"अठरा पौंडांची मावेल," ती म्हणाली.

"वीसची," मार्सी म्हणाली. "खालची जाळी काढली की वीसची."

"अठरा."

"आई, ओव्हन माझा आहे."

लोरेटाने वर पाहिलं. मग तिने ओव्हनचं दार लावलं, ओट्यावरची किटली मार्सीच्या दिशेने सरकवली आणि सोफ्यावर जाऊन बसली, पाय पुढे करून, पाहुण्यासारखी.

"माझ्या कॉफीत दूध नको," ती म्हणाली.